आकस्मिक वेग आणि संशय : दीर्घ पल्ल्याच्या धावण्याच्या इतिहासातील एक प्रश्न

१

दीर्घ पल्ल्याच्या शर्यतींत एखाद्या धावपटूचा वेग अल्पावधीत लक्षणीय रीतीने वाढला, की त्याच्या कौतुकाबरोबरच एक प्रश्न उभा राहतो : हा वेग आला कोठून? विसाव्या शतकाच्या प्रारंभी ह्या प्रश्नात केवळ कुतूहल होते; एकविसाव्या शतकात त्याला आरोपाची छटा आली आहे. प्रतिबंधित द्रव्यांच्या सेवनाची अनेक प्रकरणे सिद्ध झाली असल्यामुळे हा संशय निराधार आहे, असे म्हणता येत नाही. तथापि संशयाचे कारण म्हणून जे पुढे केले जाते, ते म्हणजे प्रगतीचा 'आकस्मिकपणा', त्याची चिकित्सा मात्र क्वचितच होते. प्रगती आकस्मिक होती, असे आपण कशाच्या आधारावर म्हणतो? हा आकस्मिकपणा धावपटूच्या शरीरातला, की आपल्यापाशी असलेल्या नोंदींतला? प्रस्तुत निबंधाचा विषय हाच आहे.

मराठी भाषिक प्रदेशात ह्या प्रश्नाचा विचार बीड जिल्ह्यापासून आरंभणे सोयीचे होईल. ह्या जिल्ह्याच्या पश्चिमेकडील आष्टी तालुक्यात मांडवा हे गाव आहे. तीन हजार मीटर स्टीपलचेस शर्यतीत भारताचा राष्ट्रीय विक्रम २०१८ ते २०२४ ह्या काळात दहा वेळा नोंदवणारे अविनाश साबळे हे ह्या गावचे. जिल्ह्याच्या दुसऱ्या बाजूस केज तालुक्यात युसूफ वडगाव आहे. दोन्ही तालुके अवर्षणाचे, आणि ऊसतोडीसाठी दरवर्षी घरे बंद करून जाणाऱ्या कुटुंबांचे. सैन्याच्या आणि पोलिसांच्या भरतीसाठी पहाटे रस्त्याने धावणारी मुले ह्या भागात नवलाची नाहीत. पोलीस भरतीत पुरुषांसाठी १६०० मीटर धावण्याची परीक्षा असते, आणि ह्या मुलांपैकी बहुतेकांच्या आयुष्यात घड्याळ लावून मोजलेली पहिली धाव तीच असते. ही गोष्ट वरवर किरकोळ वाटली, तरी पुढील विवेचनात तिला महत्त्व आहे.

२

प्रथम शब्दाचा विचार करू. 'डोप' हा शब्द इंग्रजीत डच भाषेतून आला. मूळ डच शब्दाचा अर्थ बुडवून खाण्याचा रस्सा किंवा कालवण असा आहे. अमेरिकेत तो प्रथम दाट द्रवाला, नंतर अफूच्या दाट अर्काला आणि त्यापुढे शर्यतीच्या घोड्यांना दिल्या जाणाऱ्या गुप्त औषधाला लावला जाऊ लागला. मराठीत त्यासाठी 'उत्तेजक द्रव्य' हा प्रतिशब्द रूढ झाला. ज्या काळी मज्जासंस्थेला चेतवणारी द्रव्येच प्रामुख्याने वापरली जात, त्या काळाला तो यथार्थ होता. इ. स. १९०४ मध्ये सेंट लुईस येथील ऑलिंपिक मॅरेथॉनमध्ये थॉमस हिक्स यांना त्यांच्या साहाय्यकांनी वाटेत स्ट्रिक्निन, अंड्याचा बलक वगळलेला पांढरा भाग आणि ब्रँडी दिली, आणि तशा स्थितीत ते विजयी ठरले. ह्यात लपवाछपवी नव्हती, कारण निषेध करणारा नियमच नव्हता. आंतरराष्ट्रीय अॅथलेटिक्स महासंघाने उत्तेजकांवर बंदी घातली ती १९२८ मध्ये, आणि ऑलिंपिकमध्ये चाचण्या सुरू झाल्या त्या १९६८ मध्ये.

दीर्घ पल्ल्याच्या धावण्याचा खरा प्रश्न मात्र उत्तेजनाचा नाही. पाच हजार मीटर आणि त्यापुढील शर्यतींत स्नायूंना किती प्राणवायू मिळतो, ह्यावर वेग बहुतांशी अवलंबून असतो, आणि तो प्राणवायू वाहून नेतात त्या रक्तातील तांबड्या पेशी. त्यामुळे ह्या क्षेत्रातील गैरप्रकार रक्ताकडे वळले. आधी काढून ठेवलेले रक्त शर्यतीपूर्वी परत शरीरात भरणे हा त्यांतील पहिला मार्ग. कृत्रिम रीतीने तयार केलेले एरिथ्रोपोएटिन, म्हणजे तांबड्या पेशींची निर्मिती वाढवणारे संप्रेरक, टोचून घेणे हा दुसरा. ह्यांपैकी कशानेही धावपटू 'उत्तेजित' होत नाही. तो फक्त थकतो उशिरा. म्हणून 'प्रतिबंधित द्रव्य' किंवा 'प्रतिबंधित पद्धती' हे शब्द अधिक काटेकोर ठरतात. 'उत्तेजक' ह्या शब्दाने चेहऱ्यावर दिसणाऱ्या, क्षणिक आणि सहज ओळखू येणाऱ्या अवस्थेचे चित्र उभे राहते. प्रत्यक्ष गैरप्रकाराचे मात्र डोळ्यांना दिसेल असे कोणतेही चिन्ह नसते. चिन्ह दिसत नाही म्हणूनच लोक वेगाच्या आकड्यालाच चिन्ह मानू लागले.

३

आकड्याला चिन्ह मानण्याची ही रीत कितपत विश्वसनीय आहे, हे इतिहासातील काही उदाहरणांवरून तपासता येते.

ऑस्ट्रेलियाचे रॉन क्लार्क यांनी १४ जुलै १९६५ रोजी ओस्लो येथे दहा हजार मीटर अंतर २७ मि. ३९.४ से. इतक्या वेळात पूर्ण केले. त्यापूर्वीचा मान्य विक्रम त्यांचाच, २८ मि. १५.६ से., होता. एका धावेत ३६ सेकंदांहून अधिक वेळ कमी झाला. परंतु ही घटना धावण्याच्या इतिहासात कौतुकाचा विषय म्हणूनच राहिली. फिनलंडचे लासे विरेन यांनी १९७२ आणि १९७६ अशा दोन ऑलिंपिकमध्ये पाच हजार व दहा हजार मीटर ह्या दोन्ही शर्यती जिंकल्या. त्यांच्याविषयी मात्र रक्त भरून घेतल्याचा संशय व्यक्त झाला. विरेन यांनी तो नाकारला. ती पद्धती त्या काळी निषिद्धही नव्हती आणि तिची चाचणीही नव्हती. त्यामुळे त्या संशयाचा निर्णय कोणत्याही बाजूने लागू शकला नाही. त्यांचेच देशबंधू कार्लो मानिन्का यांनी १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये दोन पदके मिळवली आणि पुढे रक्त भरून घेतल्याची कबुली स्वतःच दिली. ही कबुली कोणत्याही आकड्यावरून निघालेली नव्हती.

आकस्मिक झेपेचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण चीनचे आहे. सप्टेंबर १९९३ मध्ये बीजिंग येथील राष्ट्रीय क्रीडास्पर्धेत वांग जुन्शिया यांनी दहा हजार मीटर २९ मि. ३१.७८ से. वेळेत पार केले. नॉर्वेच्या इंग्रिड क्रिस्टियनसेन यांचा १९८६ चा विक्रम ३० मि. १३.७४ से. होता, म्हणजे जवळजवळ ४२ सेकंद एकदम कमी झाले. त्यानंतर पाच दिवसांत वांग यांनी तीन हजार मीटरचा विक्रम ८ मि. ६.११ से. इतका खाली आणला, आणि छू युन्शिया यांनी १५०० मीटरचा विक्रम मोडला. प्रशिक्षक मा जुन्रेन यांनी त्याचे श्रेय कठोर सरावाला, कासवाच्या रक्ताला आणि हिमालयाच्या परिसरात 'कीडाजडी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बुरशीला दिले. जगाचा त्यावर विश्वास बसला नाही. २००० च्या सिडनी ऑलिंपिकपूर्वी ह्याच प्रशिक्षकाच्या काही धावपटूंना चिनी संघातून वगळण्यात आले. गैरप्रकारांचा उल्लेख असलेले, वांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नावचे १९९५ चे एक पत्र २०१६ मध्ये चिनी वृत्तमाध्यमांतून प्रसिद्ध झाले. तरीही विक्रम रद्द झाले नाहीत. दहा हजार मीटरचा विक्रम इथियोपियाच्या अल्माझ अयाना यांनी २०१६ मध्ये रिओ येथे मोडला, तेव्हा संशयाचा तोच प्रश्न त्यांच्यापुढे ठेवण्यात आला.

अलीकडचे उदाहरण केनियाच्या रूथ चेपनगेटिच यांचे. १३ ऑक्टोबर २०२४ रोजी शिकागो येथे त्यांनी मॅरेथॉन २ ता. ९ मि. ५६ से. वेळेत पूर्ण केली. आधीचा विश्वविक्रम २ ता. ११ मि. ५३ से. होता. शर्यतीनंतरच्या पत्रकार परिषदेतच त्यांना संशयाविषयी विचारण्यात आले, आणि त्यावरून केनियात रोष उसळला. मार्च २०२५ मध्ये घेतलेल्या त्यांच्या नमुन्यात हायड्रोक्लोरोथायझाइड हे लघवीचे प्रमाण वाढवणारे व त्यायोगे इतर द्रव्यांचा माग पुसू शकणारे औषध आढळले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांच्यावर तीन वर्षांची बंदी आली. शिकागोचा विक्रम मात्र त्या नमुन्याच्या आधीचा असल्यामुळे नोंदीत कायम राहिला. विक्रमाविषयीचा संशय आणि सिद्ध झालेला दोष ह्यांचे विषयच येथे भिन्न आहेत, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे.

ह्याच्या उलट ब्रिटनच्या पॉला रॅडक्लिफ यांनी २००३ मध्ये लंडन येथे मॅरेथॉनचा स्वतःचाच विक्रम १ मि. ५३ से. इतका कमी केला. २०१५ मध्ये फुटलेल्या रक्तनोंदींवरून त्यांच्याकडे बोट दाखवले गेले. परंतु ब्रिटनच्या प्रतिबंधक संस्थेने चौकशीअंती उत्तर द्यावे लागेल असा दोष आढळत नसल्याचा निर्वाळा दिला. नमुना शर्यतीनंतर किती वेळाने घेतला, धावपटू त्यापूर्वी उंच प्रदेशात होता की नाही, ह्या गोष्टींनी रक्तातील आकडे बदलतात. आणि अस्बेल किप्रोप ह्या १५०० मीटरच्या माजी विश्वविजेत्याच्या नमुन्यात २०१७ मध्ये एरिथ्रोपोएटिन सापडले, तेव्हा त्यांचा वेग वाढलेला नव्हता. त्यांची सर्वोत्तम वेळ २०१५ ची होती.

ह्या उदाहरणांतून निष्पन्न होते ते असे : मोठी झेप आणि दोष ही जोडी कधी एकत्र आढळते, कधी झेप असून दोष सिद्ध होत नाही, आणि कधी झेप नसतानाही दोष सिद्ध होतो. आकडा हे चौकशी सुरू करण्यास पुरेसे कारण होऊ शकते. निर्णयास ते पुरत नाही.

४

आता साबळे यांच्या वेळांकडे वळू. त्या येथे घेतल्या आहेत त्या कोणत्याही आरोपाच्या संदर्भात नव्हेत. वेगाने झालेली, पण टप्प्याटप्प्याने नोंदली गेलेली प्रगती म्हणून त्यांचा उपयोग आहे.

गोपाल सैनी यांनी १९८१ मध्ये टोकियो येथे नोंदवलेला ८ मि. ३०.८८ से. हा राष्ट्रीय विक्रम ३७ वर्षे अबाधित होता. सप्टेंबर २०१८ मध्ये भुवनेश्वर येथे साबळे यांनी ८ मि. २९.८० से. वेळ नोंदवली. जुलै २०२४ मध्ये पॅरिस येथे त्यांची वेळ ८ मि. ९.९१ से. झाली. केवळ ही दोन टोके पाहिली, तर सदतीस वर्षांत जे एका सेकंदानेही हलले नाही, ते सहा वर्षांच्या आत जवळजवळ वीस सेकंदांनी खाली आले, असे दिसते. कोणासही ते आकस्मिक वाटावे.

मधल्या नोंदी ठेवल्या, की चित्र बदलते. २०१९ च्या मार्चमध्ये पतियाळा येथे ८ मि. २८.९४ से.; त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दोहा येथील जागतिक स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत ८ मि. २५.२३ से. आणि तीन दिवसांनी अंतिम फेरीत ८ मि. २१.३७ से.; २०२१ मध्ये पतियाळा येथे ८ मि. २०.२० से. आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये ८ मि. १८.१२ से.; २०२२ मध्ये तिरुवनंतपुरम येथे ८ मि. १६.२१ से., रबात येथे ८ मि. १२.४८ से. आणि बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल स्पर्धेत ८ मि. ११.२० से. ह्या नऊ पायऱ्यांपैकी एकही चार सेकंदांची नाही. सर्वांत मोठ्या तीन पायऱ्यांपैकी दोन दोहा येथे एकाच आठवड्यातल्या आहेत, आणि उरलेली एक रबातची आहे. ह्या तिन्ही ठिकाणी प्रतिस्पर्धी जागतिक दर्जाचे होते. देशात एकट्याने पुढे धावणाऱ्याला जी वेळ मिळत नाही, ती वेगवान घोळक्यात मिळते, हे दीर्घ पल्ल्याच्या धावण्यातील जुने निरीक्षण आहे. बर्मिंगहॅमचे सुवर्णपदक त्यांच्या हातून ०.०५ सेकंदाने गेले. तथापि १९९४ नंतर राष्ट्रकुल स्पर्धेच्या ह्या शर्यतीत पदक मिळवणारे ते केनियाबाहेरचे पहिलेच धावपटू ठरले.

शर्यतीचे स्वरूपही लक्षात घ्यावयास हवे. तीन हजार मीटरच्या स्टीपलचेसमध्ये २८ अडथळे आणि ७ पाण्याचे खड्डे पार करावे लागतात. ह्या पस्तीस उड्यांपैकी प्रत्येकीत केवळ एक पंचमांश सेकंद वाचला, तरी एकूण सात सेकंद कमी होतात. म्हणजे शरीराची क्षमता तीच राहूनही, अडथळा न अडखळता ओलांडण्याचे कौशल्य वाढल्याने वेळ सुधारू शकते. सपाट अंतराच्या नोंदी येथे साक्षीदारासारख्या उपयोगी पडतात. नोव्हेंबर २०२० मध्ये दिल्ली येथे साबळे यांनी अर्धमॅरेथॉन १ ता. ० मि. ३० से. वेळेत पूर्ण केली. एकसष्ट मिनिटांच्या आत धावणारे ते पहिले भारतीय होत. त्या वेळी त्यांची स्टीपलचेसची सर्वोत्तम वेळ ८ मि. २१ से. होती. पुढील दोन वर्षांत स्टीपलचेसमध्ये जे दिसले, त्यामागचा दमसास त्याआधीच सपाट रस्त्यावर नोंदला गेला होता. २०२२ मध्ये त्यांनी पाच हजार मीटरमधील बहादुर प्रसाद यांचा १९९२ चा राष्ट्रीय विक्रमही १३ मि. २५.६५ से. वेळेने मोडला.

ह्याशिवाय काळाचा घटकही आहे. कार्बनची पट्टी आणि हलका, उसळणारा तळवा असलेले बूट २०१७ पासून बाजारात आले, आणि २०२० मध्ये जागतिक महासंघाला तळव्याच्या जाडीवर मर्यादा घालावी लागली. त्यानंतर जगभरच दीर्घ पल्ल्याच्या वेळा खाली आल्या. एका धावपटूची प्रगती मोजताना त्याच काळातील इतरांची प्रगती वजा केली नाही, तर बुटाचे श्रेय, किंवा बुटाचा दोष, माणसाच्या पदरी पडतो.

ह्या सर्व विवेचनातून निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र निघत नाही. ते कोणत्याही धावपटूसाठी आकड्यांतून निघू शकत नाही. 'आकस्मिक' हे विशेषण मात्र ह्या नोंदींना लागू पडत नाही, एवढे खात्रीने म्हणता येते.

५

परंतु २०१८ च्या पूर्वीचे काय? १९९४ मध्ये जन्मलेले साबळे बारावीनंतर सैन्याच्या महार रेजिमेंटमध्ये दाखल झाले. सियाचीन आणि राजस्थानच्या वाळवंटात त्यांनी चाकरी केली, आणि २०१५ च्या सुमारास सैन्यांतर्गत क्रॉसकंट्री शर्यतींतून ते धावण्याकडे आले. त्या वेळी त्यांचे वय एकवीस होते. बालपणी ते सुमारे सहा किलोमीटर अंतरावरील शाळेत चालत किंवा धावत जात. ह्या धावण्याची वेळ कोणी मोजली नाही. युरोपातील किंवा जपानमधील समवयस्क धावपटूच्या शालेय वयापासूनच्या वेळा छापील स्वरूपात उपलब्ध असतात. मांडव्याच्या मुलाच्या नसतात.

भाषेच्या इतिहासकाराला ही अडचण परिचित आहे. एखादा शब्द ज्या लेखात प्रथम आढळतो, त्या वर्षी तो जन्मला, असे कोणी मानीत नाही. आक्षी येथील शिलालेख इ. स. १०१२ चा आहे. म्हणून मराठी त्या वर्षी बोलली जाऊ लागली, असे अनुमान काढणारा विद्यार्थी परीक्षेत अनुत्तीर्ण होईल. प्रथम नोंद आणि प्रथम अस्तित्व ह्यांत अंतर असते, आणि ज्या समाजाजवळ लेखनाची साधने कमी, तेथे ते अंतर मोठे असते. धावण्याच्या बाबतीत मात्र हीच चूक सुशिक्षितांकडूनही होते. ज्याची पूर्वीची वेळ कागदावर नाही, तो 'अचानक उगवला' असे म्हटले जाते. ह्याचा परिणाम असा, की संशयाचा सर्वांत जड भार नोंदी नसलेल्यांवर पडतो : खेड्यांतील, उशिरा खेळाकडे आलेल्या, हंगामी स्थलांतरामुळे शाळाही सलग न मिळालेल्या मुलामुलींवर.

ह्या विवेचनाचा वापर गैरप्रकारांवर पांघरूण घालण्यासाठी करणे तितकेच चुकीचे ठरेल. भारताची परिस्थिती चिंताजनक आहे. २०२४ मध्ये देशातील ७,११३ नमुन्यांपैकी २६० नमुन्यांत प्रतिबंधित द्रव्यांचा अंश आढळला, आणि मोठ्या प्रमाणावर चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक होते. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था २००५ पासून आहे आणि २०२२ मध्ये स्वतंत्र कायदाही झाला. तरी प्रश्न मिटलेला नाही. नोंदी नसल्याने निर्दोष मनुष्य संशयास पात्र होतो, त्याचप्रमाणे दोषी मनुष्यास लपण्यास जागाही मिळते. दोघांनाही आडोसा एकाच अंधाराचा आहे.

६

शास्त्राने ह्यावर जो उपाय काढला, तो इतिहासाच्या पद्धतीशी जुळणारा आहे. २००९ पासून अॅथलेटिक्समध्ये 'जैविक पारपत्र' वापरले जाऊ लागले. त्यात एका नमुन्यातील द्रव्य शोधण्यावर भर नसून त्याच धावपटूचे रक्त वर्षानुवर्षे तपासले जाते. हिमोग्लोबिनचे प्रमाण आणि नवजात तांबड्या पेशींचे प्रमाण ह्यांची सांगड घालून प्रत्येकाची स्वतःची मर्यादा ठरवली जाते. बाहेरून संप्रेरक घेतल्यास प्रथम नवजात पेशी वाढतात. ते थांबवल्यावर हिमोग्लोबिन चढेच राहते आणि नवजात पेशी मात्र घटतात. ही विसंगती एका आकड्यात दिसत नाही. ओळीने ठेवलेल्या अनेक आकड्यांत दिसते. धावपटूची तुलना येथे जगाशी नसून त्याच्या स्वतःच्या भूतकाळाशी असते.

ह्याच तत्त्वाचा साधा, बिनखर्चाचा भाग गावपातळीवर आचरणात आणता येण्यासारखा आहे. शालेय आणि तालुका स्पर्धांत बहुधा पहिला, दुसरा, तिसरा एवढेच लिहिले जाते. वेळ लिहिली जात नाही, किंवा लिहिलेला कागद जपला जात नाही. अंतर, वेळ, दिनांक आणि मैदानाचे स्वरूप एवढ्या चार गोष्टी नोंदवून ठेवल्या, तर दहा वर्षांनंतर त्या पुरावा होतात. केजच्या एखाद्या मैदानावर युसूफ वडगावची मुलगी आज ८०० मीटर धावली आणि तिची वेळ कोणी वहीत उतरवून ठेवली, तर पुढे ती राष्ट्रीय स्तरावर पोचल्यास तिच्या वेगाला मागचा इतिहास असेल. ती प्रामाणिक असेल तर ती वही तिची साक्ष होईल, आणि नसेल तर तीच वही चौकशीची वाट दाखवील.

संशय घेणे हा अभ्यासकाचा धर्म आहे. परंतु संशय प्रथम स्वतःच्या साधनांवर घ्यावयाचा असतो. दोन नोंदींच्या मधले अंतर मोठे दिसले, म्हणजे त्या अंतरात काय घडले हे विचारावे, आणि त्याआधी त्या अंतरातील नोंदी कोणी ठेवल्या नाहीत, हेही विचारावे. बीडच्या पहाटेच्या रस्त्यांवर धावणाऱ्या मुलांच्या बाबतीत ह्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर धावपटूंनी द्यावयाचे नाही. ते त्यांच्या शाळांनी, क्रीडासंघटनांनी आणि विद्यापीठांनी द्यावयाचे आहे.